जपानचे जनरल डिफेन्स कमांड : मायभूमीचे रक्षण नेमके कोणाच्या हाती होते?

रामबाग (प्रश्न)

नमस्कार. आमच्या रामबागेतील वाचक मंडळात दर महिन्याला एका सभासदाने इतिहासातील एखाद्या विषयावर बोलायचे, असा शिरस्ता आहे आणि या खेपेस पाळी माझी आहे. दुसऱ्या महायुद्धातील जपानविषयी मराठीत जे वाचायला मिळते ते बहुतांशी सिंगापूर, ब्रह्मदेश, कोहिमा आणि शेवटी हिरोशिमा एवढ्यापुरते असते. खुद्द जपानच्या बेटांचे रक्षण करण्याची जबाबदारी कोणत्या सेनापतीकडे होती आणि ती त्याने कशी पार पाडली, याचा शोध घ्यावा असे मी ठरवले, आणि तेथेच गुंता सुरू झाला.

मला मिळालेली माहिती अशी. जुलै १९४१ मध्ये टोकियो येथे जनरल डिफेन्स कमांड स्थापन झाले. पहिले सरसेनापती जनरल यामादा ओतोझो होते, आणि पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर लगेचच, डिसेंबर १९४१ मध्ये, ते पद राजघराण्यातील हिगाशिकुनी नारुहिको यांच्याकडे आले. एप्रिल १९४५ पर्यंत ते त्या पदावर होते. म्हणजे टोकियोवर बॉम्ब पडले त्या बऱ्याच काळात मायभूमीच्या रक्षणाचे सरसेनापती हेच. असे असताना टोकियोवरील हवाई हल्ल्यांचे कोणतेही वर्णन काढून पाहावे, तर त्यात या कमांडचे नाव अभावानेच येते. सगळीकडे उल्लेख येतो तो पूर्व विभागीय सेनेचा. पुढे १९४५ मध्ये त्याच जागी बारावी क्षेत्रीय सेना असे नाव दिसू लागते, आणि गंमत म्हणजे दोन्हींचा सेनापती एकच असतो.

तेव्हा हे महाकमांड केवळ कागदावर होते काय? राजघराण्यातील व्यक्तीला शोभेसाठी बसवले होते काय? आणि एकाच सेनापतीची दोन मुख्यालये कशासाठी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मंडळातील काही ज्येष्ठ सभासद सैन्यातून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांच्या उलटतपासणीला तोंड द्यावे लागणार आहे, त्यामुळे मोघम उत्तर माझ्या कामाचे नाही.

छत्रीबाग

ताई, आपण गुंता अचूक पकडला आहे. त्याची सुरुवात मात्र १९४१ पासून न करता थोडी मागे जाऊन करावी लागेल.

ऑगस्ट १९३३ मध्ये टोकियो आणि आसपासच्या कांतो प्रदेशात हवाई संरक्षणाची मोठी कवायत झाली. दिवे मालवणे, धूर सोडणे, बादल्यांनी पाणी मारणे असा सगळा सरंजाम होता. नागानो येथून निघणाऱ्या शिनानो माइनिची या वृत्तपत्रात किर्यू यूयू या संपादकाने या कवायतीची रेवडी उडवणारा अग्रलेख लिहिला. शत्रूची विमाने टोकियोच्या आकाशात पोहोचली तर तोच आपला पराभव होय, लाकडी घरांच्या शहरात मग विझवण्यासारखे काही उरणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. सैन्याच्या आणि माजी सैनिकांच्या रोषामुळे त्याला संपादकपद सोडावे लागले. मायभूमीच्या रक्षणाबद्दल जपानी सैन्याची वृत्ती कशी होती, हे समजायला हा एक प्रसंग पुरेसा आहे. सेना देशाबाहेर जाऊन लढण्यासाठी घडवलेली होती, आणि घराच्या रक्षणाचा विचार म्हणजे पराभवाचा विचार अशी धारणा होती.

१९३५ मध्ये पूर्व, मध्य आणि पश्चिम अशी तीन संरक्षण मुख्यालये स्थापन झाली. १९४० मध्ये त्यांना विभागीय सेनांचे रूप मिळाले आणि उत्तरेची चौथी त्यांत आली. पूर्वेची टोकियोत, मध्येची ओसाकात, पश्चिमेची फुकुओकात आणि उत्तरेची साप्पोरोत. या विभागीय सेना नावाने लढाऊ वाटल्या तरी त्यांचे रोजचे काम भरती, प्रशिक्षण, साठे आणि आपल्या विभागातील बंदोबस्त हेच होते. मात्र माणसे, तोफा, जमीन आणि स्थानिक नागरी अधिकाऱ्यांशी असलेले संबंध हे सारे त्यांच्याच हाती होते.

१९४१ च्या जुलैत, जर्मनीने रशियावर स्वारी केल्यानंतर, जपाननेही मांचुरियात मोठी जमवाजमव केली. रशियाशी युद्ध जुंपले तर व्लादिवोस्तोककडून विमाने येतील, ही भीती तेव्हा होती. याच वातावरणात जनरल डिफेन्स कमांड निघाले. परंतु लढाऊ पथके होती तशीच चार विभागीय सेनांकडे राहिली, आणि त्या सेना थेट युद्धमंत्रालयाला बांधलेल्या होत्या. महाकमांडच्या वाट्याला आले ते शाही मुख्यालय (सम्राटाच्या नावाने युद्ध चालवणारे सर्वोच्च मुख्यालय) आणि विभाग यांच्यातील समन्वयाचे आणि निरोपांचे काम. यामादा यांच्याकडे तर त्याच वेळी लष्करी प्रशिक्षणाच्या महानिरीक्षकाचे पदही होते, यावरून या नव्या कचेरीला किती महत्त्व दिले होते ते दिसते. एकत्र कुटुंबात कर्ता म्हणून नाव लागावे आणि तिजोरीची किल्ली मात्र धाकट्या भावांच्या कमरेला असावी, तशी ही अवस्था होती. पुढे १९४४ मध्ये जपान अमेरिकी विमानांच्या टप्प्यात आला तेव्हा महाकमांडचे अधिकार वाढवण्यात आले, पण तोवर तीन वर्षांची घडी बसून गेली होती.

हिगाशिकुनी यांच्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ऑक्टोबर १९४१ मध्ये कोनोए यांचे मंत्रिमंडळ कोसळले तेव्हा पंतप्रधानपदासाठी त्यांचे नाव पुढे आले होते. युद्ध झाले आणि त्याचे पाप राजघराण्याच्या माथी आले तर काय, या विचाराने ते बाजूला सारले गेले आणि तोजो पंतप्रधान झाले. दोनच महिन्यांनी त्यांना या कमांडवर बसवण्यात आले. जेथे मान आहे पण निर्णय फारसे घ्यावे लागत नाहीत, अशी ती जागा होती. त्यामुळे शोभेची नेमणूक म्हटले तरी ती विचारपूर्वक केलेली शोभा होती, असे मला वाटते.

महू

छत्रीबागकरांनी रचना नीट मांडली आहे. मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो, निवृत्तीनंतर महूलाच स्थायिक झालो, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच तारांकडे आणि निरोपांकडे जाते. एखादे कमांड खरे आहे की नाही हे त्याच्या पाटीवरून ठरत नाही. पहिली बातमी कोणाच्या टेबलावर येते आणि भोंगा वाजवण्याचा हुकूम कोण देतो, यावरून ते ठरते. जपानमध्ये ही दोन्ही कामे विभागीय सेनेच्या मुख्यालयात होत असत.

१८ एप्रिल १९४२ चे उदाहरण घ्या. अमेरिकी अधिकारी डुलिटल यांच्या नेतृत्वाखाली हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून १६ बी-२५ बॉम्बफेकी विमाने उडाली. जपानच्या नौदलाने समुद्रात फार दूरवर टेहळणीच्या होड्या ठेवलेल्या होत्या, आणि त्यांपैकी निट्टो मारू या होडीने त्या सकाळी किनाऱ्यापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर अमेरिकी ताफा पाहून बिनतारी संदेश दिलाही होता. म्हणजे खबर वेळेत आली. पण विमानवाहू जहाजावरील नेहमीची विमाने एवढ्या अंतरावरून येऊच शकत नाहीत, तेव्हा हल्ला दुसऱ्या दिवशी होईल, असा हिशेब धरला गेला. जहाजावरून लांब पल्ल्याची भूदलाची विमाने उडवली जातील हे कोणाच्या डोक्यात आले नाही. टोकियोत त्या सकाळी हवाई संरक्षणाची कवायत झाली होती आणि दुपारी खरी विमाने घरांच्या छपरांवरून गेली. नुकसान किरकोळ होते, नाचक्की मोठी होती.

यातील कळीचा मुद्दा असा की मायभूमीच्या हवाई रक्षणाची जबाबदारी भूदलाकडे होती, आणि नौदलाकडे फक्त त्याची बंदरे आणि तळ होते. होड्या नौदलाच्या, विमानविरोधी तोफा बहुतांशी भूदलाच्या. १९४२ च्या सुरुवातीला मायभूमीसाठी भूदलाची सुमारे १०० आणि नौदलाची सुमारे २०० लढाऊ विमाने होती आणि त्यांतील बरीच जुनाट होती. पुढे टोकियोभोवती भूदलाची दहावी हवाई डिव्हिजन आणि आत्सुगी येथील नौदलाचे ३०२ क्रमांकाचे हवाई दल शेजारी शेजारी उभे राहिले. पण दोघांचे रडार, दोघांच्या तारा आणि दोघांचे वरिष्ठ वेगळे. आकाश एक असताना त्याचे दोन नकाशे दोन खोल्यांत मांडले जात. आम्ही सिग्नल्सवाले अशा व्यवस्थेला काय म्हणतो ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आता भोंग्याविषयी, कारण आपल्या सभासदांना ते ऐकायला आवडेल. इशारे दोन पायऱ्यांचे होते. पहिला सावधगिरीचा, त्यासाठी भोंगा ३ मिनिटे सलग वाजे. दुसरा प्रत्यक्ष हल्ल्याचा, त्यासाठी ४ सेकंद आवाज आणि ८ सेकंद शांतता असे आवर्तन चाले. याच्या जोडीला आकाशवाणी होती. चालू कार्यक्रम मध्येच तोडून घरघर असा आवाज येई आणि निवेदक सांगे की ही पूर्व विभागीय सेनेची माहिती आहे, शत्रूची विमाने अमुक दिशेने येत आहेत. टोकियोच्या घराघरात महाकमांडचे नाव कोणी ऐकले नसेल, पण पूर्व विभागीय सेना हे शब्द पोरासोरांना पाठ होते. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर बरेचसे येथे आहे. लोकांच्या आठवणीत जे नाव राहिले तेच वर्णनांत आले.

या साखळीचे सर्वांत मोठे अपयश म्हणजे ९ आणि १० मार्च १९४५ ची रात्र. रात्री साडेदहाच्या सुमारास सावधगिरीचा इशारा झाला. काही विमाने बोसो द्वीपकल्पाकडे दिसली आणि परत फिरल्यासारखी वाटली, म्हणून इशारा उठवण्यात आला. लोक झोपायला गेले. १२ वाजून ८ मिनिटांनी पहिले अग्निबॉम्ब पडले आणि हल्ल्याचा भोंगा वाजला तो १२ वाजून १५ मिनिटांनी. तोवर फुकागावा भागात आगी लागल्या होत्या. अमेरिकी बॉम्बफेकी दलाचे सेनापती लेमे यांनी त्या रात्री विमाने नेहमीच्या उंचीवरून न आणता दीड ते पावणेतीन हजार मीटरवरून आणली होती आणि वारा सुसाट होता. २७९ बी-२९ या अवजड बॉम्बफेकी विमानांनी सुमारे ४१ चौरस किलोमीटर वस्ती जाळली, आणि मृतांचा अंदाज साधारण १ लाखाच्या आसपास दिला जातो. ती ७ मिनिटे लवकर भोंगा वाजला असता तर सारे वाचले असते असे मुळीच नाही, कारण पळायला जागाच नव्हती आणि हवाई संरक्षणाच्या कायद्याने नागरिकांना पळण्याऐवजी आग विझवायला बांधून ठेवले होते. पण ज्या मुख्यालयाचे मुख्य काम वेळेवर सांगणे हे होते, ते त्या कामात त्या रात्री चुकले, हे लिहिलेच पाहिजे.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. मायभूमीवर बी-२९ विमानांचा पहिला हल्ला १५ आणि १६ जून १९४४ च्या रात्री क्यूशूमधील यावाता येथील पोलाद कारखान्यावर झाला आणि त्याला तोंड दिले ते पश्चिम विभागीय सेनेच्या हद्दीतील पथकांनी. ती विमाने चीनमधील चेंगदूहून उडाली होती हे खरे, पण त्यांचे मूळ ठाणे खरगपूर आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर होते. इंधन आणि बॉम्बसुद्धा आधी हिमालय ओलांडून चेंगदूला साठवावे लागत.

रामबाग

दोघांचेही मनःपूर्वक आभार. खरगपूरचा धागा मी व्याख्यानात नक्की घेणार आहे, कारण आमच्याकडे अनेकांची समजूत अशी आहे की जपानवरील सारी विमाने पॅसिफिकमधील बेटांवरूनच उडत असत.

दोन गोष्टी अजून उलगडायच्या आहेत. १९४५ मध्ये एकाच सेनापतीकडे दोन मुख्यालये कशासाठी दिली? आणि दुसरे, छत्रीबागकर म्हणतात तसे वरच्या पदावर मान होता आणि खाली अधिकार होते, तर युद्धानंतर जाब कोणाला विचारला गेला? वरच्याला की खालच्याला?

तुकोगंज

दुसरा प्रश्न माझ्या व्यवसायाच्या जवळचा आहे (मी वकिली करतो), त्यामुळे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. पण पहिल्याचे उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचे कळणार नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये विभागीय सेनांची फोड झाली. लढाईसाठी क्षेत्रीय सेना आणि भरती, साठे, लष्करी न्यायालये, स्थानिक बंदोबस्त यांसाठी सेना-विभागाचे मुख्यालय. टोकियोत बारावी क्षेत्रीय सेना, सेंदाई येथे अकरावी, नागोयात तेरावी, ओसाकात पंधरावी, फुकुओकात सोळावी. प्रत्येक ठिकाणी दोन्ही मुख्यालयांचा सेनापती एकच आणि कर्मचारीही बरेचसे तेच. लढाईच्या बाबतीत त्याने जनरल डिफेन्स कमांडचे ऐकायचे आणि कारभाराच्या बाबतीत युद्धमंत्रालयाचे. पूर्व विभागाच्या मुख्यालयाचे जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले ते त्यामुळे, आणि कागदोपत्री दोन्ही नावे दिसतात तीही त्यामुळेच.

दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, ओकिनावावर अमेरिकी सैन्य उतरलेले असताना, जनरल डिफेन्स कमांड मोडीत काढण्यात आले. त्याच्या जागी पूर्वेकडे पहिली महासेना आली, तिचे मुख्यालय टोकियोत आणि सेनापती फील्ड मार्शल सुगियामा हाजिमे. पश्चिमेकडे दुसरी महासेना आली, तिचे मुख्यालय हिरोशिमात आणि सेनापती फील्ड मार्शल हाता शुनरोकू. अकरावी, बारावी आणि तेरावी पहिलीकडे, पंधरावी आणि सोळावी दुसरीकडे. होक्काइदोतील पाचवी क्षेत्रीय सेना थेट शाही मुख्यालयाच्या हाताखाली राहिली. विमानांसाठी स्वतंत्र हवाई महासेना झाली. दोन महासेना करण्यामागे हिशेब असा होता की अमेरिकी आक्रमणाने देशाचे दोन तुकडे झाले आणि टोकियोशी संपर्क तुटला, तरी पश्चिमेकडील सैन्याला स्वतःच्या बळावर लढता यावे. अमेरिकेची योजनाही तशीच होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये दक्षिण क्यूशूवर आणि मार्च १९४६ मध्ये टोकियोजवळच्या कांतोच्या किनाऱ्यावर उतरायचे. क्यूशूवर मार्चमध्ये जेमतेम एक लढाऊ डिव्हिजन होती. ऑगस्टपर्यंत तेथे १४ झाल्या होत्या. त्यांतील अनेकांकडे पुरेशा रायफलीही नव्हत्या हा भाग वेगळा. जूनमधील स्वयंसेवक सैनिक सेवा कायद्याने १५ ते ६० वयाचे पुरुष आणि १७ ते ४० वयाच्या स्त्रिया यांनाही या मोजणीत आणले, आणि त्यांच्या हाती बांबूचे भाले आले.

मुख्यालयासाठी हिरोशिमा निवडणे किती महागात पडले ते सर्वांना ठाऊक आहे. ६ ऑगस्टला हाता बचावले, पण त्यांच्या मुख्यालयातील कित्येक अधिकारी गेले. त्यांत कोरियाच्या राजघराण्यातील यी उ हेही होते. तेथील किल्ल्याच्या आवारात चुगोकू सेना-विभागाची अर्धी जमिनीखालची नियंत्रण खोली होती. टेलिफोनवरून इशारे पुढे पाठवण्याचे काम तेथे हिजियामा मुलींच्या शाळेतील विद्यार्थिनींना लावलेले होते, वय १४ च्या आसपास. सव्वाआठला त्यांतील एक मुलगी इशारा वाचून दाखवत असतानाच बॉम्ब पडला. हिरोशिमा उद्ध्वस्त झाल्याची अगदी पहिली खबर बाहेर गेली ती याच खोलीतून, मुलींच्या आवाजात. महूकरांनी सांगितलेल्या तारांच्या साखळीचे शेवटचे टोक येथे दिसते.

आता जाब. हवाई हल्ल्यांत पकडलेल्या वैमानिकांचे काय करायचे, हा प्रश्न डुलिटलच्या हल्ल्यापासून होता. त्यासाठी खास नियम काढून ऑक्टोबर १९४२ मध्ये तीन वैमानिकांना शांघाय येथे मृत्युदंड देण्यात आला. मायभूमीत लष्करी न्यायालये सेना-विभागाकडे असल्याने १९४५ मध्ये हा प्रश्न त्या त्या सेनापतीच्या टेबलावर आला, आणि कामाचा बोजा वाढल्याचे कारण दाखवून खटल्याशिवायच वैमानिकांना मारण्यात आले. नागोयाचे लेफ्टनंट जनरल ओकादा तासुकू यांनी योकोहामाच्या खटल्यात सारी जबाबदारी स्वतःवर घेतली, हाताखालच्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच वेळी निवासी वस्त्यांवर अग्निबॉम्ब टाकणे हाच गुन्हा आहे असा युक्तिवाद केला. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांना फाशी झाली. फुकुओकाचे योकोयामा इसामू यांना मृत्युदंड झाला, तो अमलात येण्यापूर्वीच १९५२ मध्ये ते तुरुंगात वारले. हाता यांना टोकियोच्या न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली, पण ती चीनमधील युद्धासाठी. हिगाशिकुनी यांच्यावर खटला चालला नाही. उलट शरणागतीनंतर १७ ऑगस्टला ते पंतप्रधान झाले आणि ९ ऑक्टोबरपर्यंत त्या पदावर राहिले.

ओकादांच्या धैर्याचे आज बरेच कौतुक होते, आणि वकील म्हणून मला त्यांच्या बचावातील नेकी मान्य आहे. तरीही खटला न चालवता कैद्यांची मुंडकी उडवण्याचा हुकूम ज्याच्या नावाने सुटला, त्याच्याबद्दल बोलताना हात आखडता घेतलेला बरा. आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे तर, ज्याच्या सहीने हुकूम निघत त्याला जाब विचारला गेला, आणि वरच्या कचेरीतून असे हुकूम निघतच नसत.

छत्रीबाग

तुकोगंजकरांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत नाही. डिसेंबर १९४१ पासून एप्रिल १९४५ पर्यंत जो त्या पदावर होता, त्याने अधिकार मागून घेण्यासाठी काय केले, हा प्रश्न उरतोच. राजघराण्यातील व्यक्तीचा शब्द युद्धमंत्रालयाला सहज टाळता आला नसता. भूदल आणि नौदल यांना एका खोलीत बसवणे त्यांना जमले असते की नाही ते सांगता येत नाही, परंतु ते त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला जमण्यासारखे नव्हते. हुकूम निघत नसत म्हणून जबाबदारी नाही, हे न्यायालयात चालेल. इतिहासात चालू नये.

महू

या वादात मी पडत नाही. मात्र ताईंनी १५ ऑगस्टच्या पहाटेचा विषय प्रश्नात घेतलेला नाही, आणि तो घेतल्याशिवाय हे व्याख्यान अर्धे राहील. विभागीय सेनेचे खरे वजन त्या पहाटे दिसले.

तेव्हा पूर्व विभागाचे आणि बाराव्या क्षेत्रीय सेनेचे सेनापती जनरल तानाका शिझुइची होते. मार्च १९४५ मध्ये ते या पदावर आले. ऑक्सफर्डला शिकलेले, एकेकाळी लष्करी पोलिसांचे प्रमुख. त्यांचे मुख्यालय राजवाड्यासमोर हिबिया येथील दाइ-इची विमा कंपनीच्या इमारतीत होते. (सप्टेंबरमध्ये मॅकार्थर यांनी आपले मुख्यालय त्याच इमारतीत थाटले.) १४ तारखेला शरणागतीचा निर्णय झाला. वरिष्ठ सेनापतींनी, त्यांत सुगियामा आणि हाताही आले, सम्राटाचा निर्णय पाळण्याच्या लेखी निवेदनावर सह्या केल्या. पण युद्धमंत्रालयातील काही तरुण अधिकाऱ्यांना ते मान्य नव्हते. त्यांचा म्होरक्या मेजर हातानाका केंजी तानाकांकडे पाठिंबा मागायला गेला आणि तानाकांनी त्याला दरडावून घालवून दिले.

रात्री दीडच्या सुमारास हातानाकाच्या टोळीने पहिल्या राजरक्षक डिव्हिजनचे सेनापती लेफ्टनंट जनरल मोरी ताकेशी यांना त्यांच्याच कचेरीत ठार केले. हिरोशिमाहून हाता यांच्याबरोबर आलेले लेफ्टनंट कर्नल शिराइशी तेथे होते, तेही मारले गेले. मग मोरींच्या शिक्क्याने खोटा हुकूम काढून राजवाड्याचे दरवाजे बंद करण्यात आले, बाहेर जाणाऱ्या टेलिफोनच्या तारा तोडण्यात आल्या, आणि सम्राटाच्या भाषणाच्या ध्वनिमुद्रिकांचा शोध सुरू झाला. त्या मिळाल्या नाहीत.

येथे साखळीकडे पाहा. राजरक्षक डिव्हिजन बाराव्या क्षेत्रीय सेनेच्या हाताखाली होती, म्हणजे मेलेल्या सेनापतीचा थेट वरिष्ठ तानाका. खोटा हुकूम खोटा ठरवण्याचा अधिकार त्यांचाच, आणि त्यासाठी टोकियोतील दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज नव्हती. दुसरे त्याहून मजेचे. पहाटे हातानाका पिस्तूल घेऊन आकाशवाणी केंद्रात शिरला आणि देशाला उद्देशून बोलू द्या म्हणू लागला. त्या रात्री कुमागाया, इसेसाकी आणि अकिताजवळच्या त्सुचिझाकीवर बी-२९ विमाने आलेली होती आणि टोकियोत इशारा चालू होता. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी त्याला सांगितले की इशारा चालू असताना पूर्व विभागीय सेनेच्या परवानगीशिवाय काहीही प्रसारित करता येत नाही. ज्या नियमाने सगळे शहर घरघर ऐकून दचकत असे, त्याच नियमाने बंडखोराचे तोंड बंद ठेवले. पूर्व विभागीय सेनेशी टेलिफोन जोडला गेला, हातानाकाने काही मिनिटे मागितली आणि पलीकडून नकार मिळाला.

उजाडता उजाडता तानाका स्वतः निघाले. आधी ते राजरक्षकांच्या पहिल्या रेजिमेंटच्या बराकीत गेले, कारण ती बाहेर पडण्याच्या तयारीत होती. तिला थांबवून ते राजवाड्यात शिरले आणि दुसऱ्या रेजिमेंटचे कर्नल हागा यांना खोट्या हुकमाची हकीकत सांगून सैनिक मागे घ्यायला लावले. आठच्या सुमारास सगळे शांत झाले. हातानाका आणि त्याचा साथीदार शिइझाकी यांनी राजवाड्याजवळ आत्महत्या केली आणि दुपारी १२ वाजता सम्राटाचे भाषण देशाने ऐकले. तानाकांनी २४ ऑगस्टच्या रात्री, कावागुची येथील प्रक्षेपण केंद्र बळकावणाऱ्या काही सैनिकांचा बंदोबस्त केल्यानंतर, आपल्या मुख्यालयातच गोळी झाडून घेतली. टोकियोच्या जळण्याची जबाबदारी ते स्वतःवर मानत, असे सांगतात. सुगियामा यांनी १२ सप्टेंबरला तोच मार्ग धरला.

आपले निवृत्त सभासद बहुधा विचारतील की त्या रात्री पहिली महासेना कोठे होती. उत्तर द्या की ती आक्रमण झाल्यावर लढण्यासाठी होती, शहर सांभाळण्यासाठी नव्हती.

रामबाग

फार उपयोगी माहिती मिळाली. आकाशवाणीच्या परवानगीचा प्रसंग मी व्याख्यानाच्या मध्यभागी घेईन आणि मार्चमधील भोंग्याचा त्याच्या आधी. छत्रीबागकर आणि तुकोगंजकर यांचा मतभेद मी दोन्ही बाजूंनी मांडेन आणि मंडळावर सोडेन. शेवटची एक शंका, युद्धानंतर जपानमध्ये आपले भारतीय सैन्य गेले होते असे ऐकले आहे, ते याच विभागांत काय?

महू

होय, दुसऱ्या महासेनेच्या जुन्या हद्दीत. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या ताबा सेनेला हिरोशिमासह चुगोकू विभाग मिळाला होता आणि तिच्यातील भारतीय तुकड्या १९४६ मध्ये तेथे पोहोचल्या. २६८ व्या भारतीय ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर थिमय्या यांच्याकडे होते, आणि तिच्या तीन पलटणींपैकी एक मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. शस्त्रे आणि दारूगोळ्याचे साठे गोळा करून नष्ट करणे, गस्त घालणे, परत येणाऱ्या जपानी सैनिकांवर लक्ष ठेवणे ही त्यांची कामे. १९४७ मध्ये त्या परतल्या. तुमच्या मंडळातील मराठा रेजिमेंटच्या माणसाला आधी विचारून ठेवा, नाहीतर हा भाग तोच सांगायला उठेल.